बारा चिठ्ठ्या

शाळा सुटल्यानंतरही एकमेकांना न सोडलेल्या आम्हा बारा जणांच्या मंडळात वर्षातून एकदा भेटवस्तूंची देवाणघेवाण होत असे आणि तिचे यजमानपद वर्षानुवर्षे माझ्याकडेच राहिले. हा मान मी मागून घेतला नव्हता. पहिल्या वर्षी नावे लिहिण्यासाठी वही आणि पेन्सिल माझ्याजवळ निघाली, एवढेच माझे कर्तृत्व; पण वही एकदा ज्याच्या हातात जाते, त्याच्याकडून ती परत मागायला कोणीही येत नाही, हे कुठल्याही मंडळात काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

त्या वहीत दर वर्षाचे एक पान आहे आणि त्यावर कोणी कोणाला काय दिले, एवढीच नोंद आहे. पहिल्या पानावरची नोंद वाचताना मला आजही संकोच वाटतो. खर्चाविषयी आम्ही काहीच ठरवले नव्हते, त्यामुळे एका मैत्रिणीने महिनाभर खपून विणलेला स्वेटर आणि एका मित्राने येता येता घेतलेली किल्ल्यांची साखळी एकाच टेबलावर शेजारी शेजारी येऊन बसली. साखळी आणणारा कानकोंडा झाला हे उघडच होते. परंतु स्वेटर विणणारी त्याच्याहून अधिक अवघडली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. पुढच्या वर्षी आम्ही मर्यादा घातली. अशी मर्यादा घालताना वरची रक्कम सगळेच ठरवतात आणि खालची बोलून दाखवायला लाजतात. माझ्या मते खालचीच अधिक गरजेची असते.

खरी अडचण चिठ्ठ्यांची होती. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर ज्याचे नाव असेल त्याला गुपचूप भेट द्यायची, अशी आमची रीत. बारा नावे, बारा घड्या, एक डबा, आणि हमखास कोणीतरी स्वतःचेच नाव उचलून ओरडायचे. मग सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात. एका वर्षी तीनदा असे झाले आणि मंडळी वैतागली. त्यामुळे त्याच्या पुढच्या वर्षी, सर्वांनी उचलून झाल्यावर डब्यात उरलेल्या शेवटच्या चिठ्ठीवर मला माझेच नाव दिसले, तेव्हा मी ती मुकाट्याने पदराआड केली. स्वतःसाठी एक शाईचे पेन घेतले, ते रंगीत कागदात नीट गुंडाळले आणि त्या संध्याकाळी ते उघडताना आश्चर्याचा जमेल तेवढा अभिनय केला. तो फार टिकला नाही. ‘‘अगं, हा कागद तर तू मागच्या वर्षी माझ्या भेटीला लावला होतास!’’ असे एकीने म्हणताच सगळे माझ्याकडे वळले.

आमच्यातला एक जण गणित शिकवतो. त्याने तिथेच वही ओढून मागच्या पानावर आकडेमोड केली आणि सांगितले, की बारा जणांनी अशा चिठ्ठ्या उचलल्या तर कोणालाही स्वतःचे नाव न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच असते, आणि बाराचे पन्नास झाले तरी ती जवळपास तेवढीच राहते. मोंमोर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ मध्ये पत्त्यांच्या खेळावरून हाच प्रश्न मांडला होता, हेही त्याने सांगितले. इतकी वर्षे आम्ही आमच्या नशिबाला बोल लावत होतो, तो बिचाऱ्या नशिबाला विनाकारण लागत होता.

त्यानेच पुढे पद्धत बदलली. बारा कार्डांना एक ते बारा आकडे द्यायचे, प्रत्येक कार्डावर त्याचा आकडा वर आणि खाली असा दोनदा लिहायचा, कार्डे पालथी घालून पिसायची, ओळीने मांडायची आणि मधोमध कापायची. मग खालच्या तुकड्यांची ओळ एका घराने सरकवून शेवटचा तुकडा पहिल्याखाली आणायचा. प्रत्येकाने एक जोडी उचलायची: वरचा आकडा आपला, खालचा ज्याला भेट द्यायची त्याचा. आपापल्या आकड्यापुढे सर्वांनी यादीत नाव लिहिले, की काम झाले. स्वतःची चिठ्ठी स्वतःला येण्याचा प्रश्न मिटतो, आणि यजमानालाही कोण कोणाला देणार हे कळत नाही, हे मला त्यात सर्वांत आवडले.

शिवाय बारा जणांची एकच साखळी तयार होते. एकाने भेट उघडायची, देणारा ओळखायचा, आणि तो उघड झाला की त्याने आपली भेट उघडायची. असे करत फेरी पहिल्या माणसापाशी येऊन मिटते. शेवटी उघडणाऱ्याला ओळखण्यासारखे काही उरत नाही, म्हणून शेवटचा येणारा दर वर्षी तक्रार करायचा आणि आम्ही ती दर वर्षी फेटाळायचो. एकदा दुसऱ्याच्या हातातली भेट हिसकावून घेण्याचा खेळही करून पाहिला. त्यानंतर दोघांचा अबोला बरेच दिवस चालला, तेव्हा तो प्रयोग तिथेच थांबला.

सात नंबरची मैत्रीण एका वर्षी येऊ शकली नाही. तिने द्यायची भेट आधीच पाठवली होती, पण तिच्यासाठी आलेले खोके माझ्या कपाटात राहिले. बाकीच्या अकरा भेटी उघडल्या गेल्यावर तिला देणारा कोण हे हिशेबानेच सर्वांना कळले होते. आठ महिन्यांनी ती आली तेव्हा आम्ही सारे मुद्दाम जमलो आणि कोणीही चेहऱ्यावर काही दाखवले नाही. तिने एकामागून एक दहा नावे घेतली, दहाही चुकली, आणि उरलेला मित्र तिच्या शेजारीच बसून तिला कागद फाडायला मदत करत होता. त्या वर्षीच्या पानावर अकरा नोंदी निळ्या शाईत आहेत आणि बारावी काळ्या.