कोंडुऱ्याचा कवी

भुताखेतांच्या गोष्टी कोकणात घरोघरी सापडतील. त्यांतून मनाचा तळ ढवळणारे चिं. त्र्यं. खानोलकर मात्र एकच. वेंगुर्ल्याच्या परिसरात १९३० साली जन्मलेल्या खानोलकरांनी कुडाळला खानावळ चालवली, ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिल्या आणि पुढे पोटासाठी मुंबई गाठली. ‘जोगवा’ हा पहिला संग्रह १९५९चा. मला मात्र त्यांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी अधिक थोर वाटते (नाटकांबद्दल माझे मत जरा हात राखूनच आहे). वायंगणीजवळच्या कोंडुऱ्याच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी खडकांच्या कपारीत घुसून जो घुमारा उठतो, तो ऐकलेल्याला कादंबरीतला दैवी वर अशक्य वाटत नाही आणि त्या वराच्या ओझ्याखाली माणूस कसा चिरडला जातो, हेही पटते. १९७६ मध्ये ते गेले. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७८ साली, त्यांच्या पश्चात.