कडेची दशा

सरळ कापलेल्या सुती कापडाच्या कडेचा एक धागा नखाने उचलून ओढला, तर तो सुरसुर करत या टोकापासून त्या टोकापर्यंत निघून येतो. मागोमाग दुसरा. पाच-सहा धागे निघाले की कडेला नुसत्या मोकळ्या सुतांची झालर लोंबायला लागते. मराठीत तिला दशा म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याने कधीतरी घरी शिवलेला अभ्रा धुवायला टाकलेला असणार.

हौसेने केलेल्या वस्तूंचा मधला भाग बहुधा झकास असतो. रंग विचारपूर्वक निवडलेले, फुलं नेटकी काढलेली. घोटाळा होतो तो कडेला. कापड उसवतं, कागदाचा कोपरा उठतो, रंग चिकटपट्टीखाली शिरतो, गोंड्यातले दोरे गळतात. म्हणून काय करायला घ्यायचं हे ठरवतानाच त्याची कड कशी संपवायची तेही ठरवावं. नंतर सुचतं ते सहसा गोंद असतं, आणि कापडाच्या कडेवर गोंद वाळला की ती पापडासारखी कडक होते.

विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे नुसते एकमेकांच्या खालीवर गेलेले असतात, गाठ कुठेच नसते. धाग्याला समांतर कापलं की कडेच्या धाग्याला धरून ठेवणारं बाहेरच्या बाजूला काही उरत नाही, म्हणून तो सुटतो. तेच कापड ४५ अंशांत, म्हणजे शिंप्याच्या भाषेत उरेब कापलं, तर प्रत्येक धागा कडेशी तिरका येऊन संपतो आणि सहज सुटत नाही. नागमोडी कात्रीचं गुपित हेच. तिचा प्रत्येक दात एक छोटासा उरेब काप असतो. पण तिच्या भरवशावर रोज धुवायची वस्तू सोडू नये. ती दशा थांबवत नाही, लांबवते.

खात्रीचा उपाय म्हणजे दुहेरी दुमड. आधी १ सेंटीमीटर दुमडून इस्त्री, मग पुन्हा दीड सेंटीमीटर दुमडून इस्त्री, आणि मगच टीप. कच्ची कड दोन घड्यांच्या पोटात कायमची बंद होते. इथली इस्त्री ऐच्छिक नाही. शिवणकामात निम्मा वेळ इस्त्रीपाशी उभं राहण्यात जातो, आणि ज्यांचा जात नाही त्यांच्या शिवणी लांबूनही ओळखू येतात. इस्त्री कपड्यावर फिरवतो तशी घासायची नाही. उचलून ठेवायची, दाबायची, पुन्हा उचलायची. घासली की दुमड सरकते आणि कड लाटांसारखी वेडीवाकडी होते.

कडेची कटकट आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेली वस्तू वापरली तर? जुना पुरुषी शर्ट ही अशी वस्तू आहे. बटणपट्टी, काजं, खिसा, सगळं व्यवस्थित दुमडून शिवलेलं. त्याचा उशीचा अभ्रा करताना चेन लावायची गरज नाही, बटणपट्टी हेच उशीचं तोंड. भरलेली उशी ४० सेंटीमीटर चौरस असेल, तर शर्टाची बटणं लावून तो सपाट पसरावा, पट्टी बरोबर मध्ये घ्यावी आणि पुढून एक, पाठीतून एक असे ४० बाय ४० चे दोन तुकडे कापावेत. चारही बाजूंना १ सेंटीमीटर शिवण गेली की अभ्रा ३८ चा होतो. चूक वाटते, पण मुद्दामच. उशीपेक्षा अभ्रा किंचित लहान असला की उशी टम्म बसते. अगदी मापाचा केला तर कोपरे रिकामे लोंबतात.

कापताना बटणांकडे लक्ष हवं. शिवणीच्या रेषेवर बटण आलं तर मशिनची सुई मोडते, आणि टोकापासून फार लांब राहिलं तर तिथे पट्टी तोंड उघडून बसते. म्हणून पट्टीच्या वरच्या-खालच्या टोकाला ४-५ सेंटीमीटर वरूनच टीप मारून ती बंद करून टाकावी. मग दोन्ही तुकडे सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून चारही बाजू शिवायच्या. त्याआधी मधली दोन-तीन बटणं काजांतून सोडवून ठेवायची! हे विसरलं तर अभ्रा चहूबाजूंनी बंद, बटणं आत, आणि उलटवायला जागाच नाही. कोपऱ्यावर शिवणीपासून २-३ मिलिमीटर सोडून तिरका काप द्यावा, नाहीतर उलटवल्यावर तिथे कापडाचा गोळा राहतो. तरीही कोपरे कुत्र्याच्या कानांसारखे टोकदार दिसतात, कारण उशी कोपऱ्यापर्यंत भरलेली नसते. त्यासाठी कोपऱ्याच्या ६-७ सेंटीमीटर आधीपासून शिवण हळूहळू आत घेत कोपऱ्याशी १ सेंटीमीटर आत आणावी. आतल्या कच्च्या कडांना झिगझॅग टीप किंवा इंटरलॉक करावं. जुन्या शर्टाची आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे तो आटायचा तेवढा आधीच आटलेला असतो. नवं सुती कापड घेतलं तर कापण्याआधी धुऊन वाळवून घ्यावं. मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर आटणं नेहमीचं, आणि ते शिवल्यानंतर आटलं तर अभ्र्यात उशी शिरत नाही.

टी-शर्टचं सगळंच निराळं. तो विणलेला असतो तो सुयांवर, फासात फास अडकवून. त्यामुळे आडवा कापला तर दशा निघत नाहीत, कड फक्त गुंडाळते. हा दोष वाटतो, पण त्यातूनच जाड दोरी मिळते. खालची शिवलेली दुमड कापून टाकायची आणि बाह्यांच्या खालून आडवा काप घ्यायचा. उरते ती कापडाची नळी. ती आडवी पसरून एका बाजूची घडी दुसऱ्या बाजूच्या ४ सेंटीमीटर अलीकडे आणून ठेवायची, आणि अडीच-अडीच सेंटीमीटरच्या चिरा पाडत जायचं. तो ४ सेंटीमीटरचा भाग मात्र अखंड ठेवायचा. मग तो उघडून मधला कणा तिरका कापायचा, म्हणजे या बाजूच्या पहिल्या चिरेतून समोरच्या दुसऱ्या चिरेत. सरळ समोरासमोर कापलं की अखंड दोरीऐवजी हातात नुसत्या बांगड्या येतात. शेवटी पट्टी हातभर-हातभर धरून ताणायची. ताणताच कडा आत वळतात आणि चपट्या पट्टीची गोल दोरी होते. छापील चित्राच्या जागी ती वळत नाही, कारण रंगाचा थर कापडाला ताठ करतो. आणि बगलेखाली उभी शिवण असलेला टी-शर्ट घेतला तर दर वेढ्यामागे दोरीत एक गाठोडं येतं. बिनशिवणीचा, साधा, सुती टी-शर्ट उत्तम.

त्या दोरीची तीनपदरी वेणी घालून, वेणी चकलीसारखी गुंडाळत हातानेच टाके घातले की पायपुसणं किंवा खुर्चीवरची गादी तयार. सपाट टेबलावर ठेवून शिवावं, मांडीवर नाही. बाहेरचा प्रत्येक फेरा आतल्यापेक्षा लांब असतो, त्यामुळे वेणी ओढून धरली की गालिचा वाटीसारखा उभा राहतो. उलट फार सैल सोडली तर त्याच्या कडेला झालर पडते. वाटी व्हायला लागलेली दिसताच दोन फेरे उसवावेत. पुढे जाऊन ती आपोआप बसत नाही.

फेल्टला कड नावाची भानगडच नाही. त्यात ताणा-बाणा नसतो, तंतू नुसते एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात. म्हणून हात बसण्यासाठी ते सगळ्यात बरं. १२ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ, त्यात दीड-दोन सेंटीमीटर रुंदीची गोगलगायीसारखी चीर, बाहेरच्या टोकापासून गुंडाळायचं, मधली उरलेली टिकली खाली चिकटवायची, आणि मागे पिन शिवली की कोटावरचं गुलाबाचं फूल झालं. पॉलिस्टर रिबिनीची टोकं तिरकी कापून ज्योतीच्या कडेजवळून क्षणभर फिरवावीत, वितळून बंद होतात. सुती रिबिनीला हा प्रयोग करू नये, ती पेटते.

जीन्सच्या गुडघ्याला भोक पडलं की त्यात पांढरी आडवी सुतं दिसतात. डेनिममध्ये निळीत रंगवलेले असतात ते उभे धागे, आडवे पांढरेच राहतात, आणि झिजताना आधी वरचे निळे जातात. ही पांढरी सुतं कापून जागा 'साफ' करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ठिगळाला तीच आधार देतात. आतून लावायचं ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर मोठं हवं. नेमकं मापात कापलं की टाके झिजलेल्या कापडावरच पडतात आणि भोकाशेजारी नवं भोक पडतं. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरा पहिल्यांदा उचकटतो. वरून धावदोऱ्याच्या समांतर रांगा घालाव्यात, दोन रांगांत अर्धा सेंटीमीटर. दोरा हातभरापेक्षा लांब ओवू नये. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून आणि सुईच्या नेढ्यातून घासत जातो, शेवटापर्यंत पोचेतो पिंजतो, वर गाठी पडतात त्या वेगळ्याच.

गोंड्याचं गणित सोपं आहे. भरतकामाच्या दोऱ्याची एक लडी ८ मीटरची असते. ८ सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याला एक वेढा म्हणजे १६ सेंटीमीटर. बांधायला ६०-७० सेंटीमीटर बाजूला काढून ठेवला की उरलेल्यात पंचेचाळीस वेढे बसतात, आणि एका लडीत एक भरगच्च गोंडा होतो. वरची गाठ बांधताना दोरा दोनदा पिळून मग आवळावा, म्हणजे दुसरी गाठ मारेपर्यंत पहिली सैल पडत नाही. माझ्या मते गोंड्यातून सुतं गळण्याचं मुख्य कारण ही एकच गाठ असते. खालची टोकं कापल्यावर दोरे कुरळे राहतात. किटलीच्या वाफेवर गोंडा धरावा, बोटांनी सरळ करावा, मग कागदाच्या पट्टीत घट्ट गुंडाळून पट्टीच्या बाहेर आलेलं कात्रीने एका फटक्यात उडवावं.

रंगकामातली कड जास्त फसवी. ट्रेवर किंवा फ्रेमवर सरळ पट्टा काढायला मास्किंग टेप लावतो, रंग देतो, टेप काढतो, आणि रेषेला खालून बारीक मिशा फुटलेल्या असतात. लाकडाच्या रेषांमधून रंग टेपखाली शिरलेला असतो. टेप नखाने दाबून बसवणं पुरत नाही. त्यावर आधी खालचाच रंग फिरवावा. तळ पांढरा असेल तर टेपच्या कडेने पांढराच. जो शिरायचा तो हा शिरतो, दिसत नाही, आणि वाळून फट बुजवतो. मग निळा द्यावा, दोन पातळ हात. टेप काढायची ती शेवटचा हात अर्धवट ओला असताना, मागे दुमडून, सावकाश. पूर्ण वाळू दिलं तर रंगाची साल टेपबरोबर निघते.

बाटलीवर नॅपकिनचं चित्र चिकटवताना मात्र सरळ कड नकोच. चित्र कात्रीने कापू नये, बोटाने फाडावं. फाटलेल्या कडेला कागद विरळ होत जातो आणि काचेत मिसळतो. कापलेली कड मात्र उठून दिसते. नॅपकिनचे थर सुटे करून फक्त वरचा छापील पापुद्रा घ्यावा. दोन भाग पांढरा गोंद, एक भाग पाणी. काच आधी स्पिरिटने पुसावी, बोटांचं तेल राहिलं तर कागद तिथेच सुटतो. मधून कडेकडे मऊ ब्रश फिरवावा. ओला कागद फुगतो, म्हणून सुरकुत्या पडणारच. थोड्या वाळताना ताणल्या जातात. गोंद पाण्याला टिकत नाही, तेव्हा वरून वॉर्निशचे दोन हात हवेत आणि दोन्हींच्या मधे पुरता वेळ.

आणि कधी दशाच हव्या असतात. जेवणाच्या ताटाखालचं कापड घ्या, ३० बाय ४५ सेंटीमीटरचं, जरा जाड विणीचं. कापायच्या रेषेवरचा एकेक धागा आधी ओढून काढायचा. त्याच्या जागी जी फट दिसते तीच खरी सरळ रेषा, तिच्यातूनच कात्री न्यायची, कारण पट्टीने आखलेली रेषा विणीशी जुळेलच असं नाही. मग कडेपासून अडीच सेंटीमीटर आत चारही बाजूंनी बारीक टीप. ती आधी, धागे नंतर. उलट केलं की कुठे थांबायचं ते धाग्यांना कळत नाही. मग सुईच्या टोकाने कडेचा धागा उचलायचा, ओढायचा, पुढचा उचलायचा. टीपेपाशी पोचलं की थांबायचं. कोपऱ्यांत दोन्ही दिशांचे धागे जातात, तिथे चौकोनी रिकामी जागा राहते, आणि ती तशीच चांगली दिसते. पहिल्या धुण्यानंतर झालरीची गुंतवळ होते. ओली असतानाच जाड दातांच्या फणीने विंचरून सपाट वाळवायची आणि वाळल्यावर पट्टी धरून अर्धा सेंटीमीटर कापायची.