बसची पाठ

मार्ग बंद करावा, अशी टिपणी लिहायला मी गेले होते. खरं सांगायचं तर अर्धी टिपणी लॅपटॉपवर आधीच तयार होती. कल्याणच्या पुढचं एक उपनगर (नाव मुद्दाम लिहीत नाही), तिथल्या स्टेशनवरून नव्या वसाहतींकडे जाणारी मिडी बस, दर २० मिनिटांनी एक फेरी. सहा महिने झाले तरी भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, काही वर यायला तयार नाही. फायलीत कुणीतरी शेरा मारला होता : 'नागरिकांची मानसिकता रिक्षाची आहे.' वाहतूक नियोजनात बारा वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की फायलीत 'मानसिकता' आली म्हणजे जागेवर कुणी गेलेलं नाही. पण तोवर मी तरी कुठे गेले होते?

ऑगस्टमधला दिवस. पाऊस असा, की फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून आत हात घालून लिहीत होते. कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसायचं आणि कुठल्या थांब्यावर किती चढले, किती उतरले ते मोजायचं, एवढंच काम. दुपारच्या फेऱ्यांना शाळेची मुलं, दवाखान्यात निघालेले आजी-आजोबा.

६:४० च्या फेरीला स्टेशनवरून सात जण मिळाले. कंडक्टरनं डबल घंटी दिली, बस हलली, आणि मागच्या काचेतून मला पूल दिसला. कर्जत फास्ट नुकतीच लागली होती. बघता बघता अख्खा जिना माणसांनी भरून गेला. मी पुढच्याच थांब्यावर उतरले आणि भिजत मागे आले.

आमच्या फॉर्मवर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने असतात. शहरातल्या चौकात ते चालून जातं. इथे त्या पंधरांतली अकरा मिनिटं जिन्यात कुत्रं निवांत झोपलेलं असतं आणि उरलेल्या चारांत अख्खी लोकल रिकामी होते. सरासरी काढली की कुत्रंही दिसत नाही आणि लोंढाही. (आमची मोजमापं तशी गमतीचीच. रस्त्यावर कुठलं वाहन किती मोटारींएवढं धरायचं, याच्या भारतीय रोड काँग्रेसच्या १९९० च्या तक्त्यात मोटार म्हणजे १, हातगाडी २ ते ३ आणि बस २.२ ते ३.७. बसमध्ये साठ माणसं असोत की सहा, आकडा तोच. पायी चालणाऱ्याला तर त्या तक्त्यात जागाच नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाचा विचार करा, असं राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण २००६ सालीच सांगून गेलं, पण आमचे फॉर्म जुने ते जुनेच.)

शेअर रिक्षाची रांग पार मंडईच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. शेवटाकडच्या एका बाईंना विचारलं, बसनं का नाही जात? त्यांच्या हातातल्या पिशवीत मेथी होती, निवडलेली; लेडीज डब्यातच निवडून झाली असणार.

"बस? असते ना," त्या हसून म्हणाल्या. "जिना उतरताना रोज तिची पाठ दिसते. तोंड काही अजून बघितलं नाही."

रांगेतला पहिला रिक्षावाला मोबाइलवर एम-इंडिकेटर उघडून बसला होता. कुठली गाडी किती लेट, कुठे अडकली, सगळं त्याला ठाऊक. तो लोकलच्या वेळेवर चालत होता आणि आम्ही घड्याळाच्या. कल्याणच्या पुढे लोकल काही ठरावीक अंतरानं येत नाहीत. कधी पाठोपाठ दोन, कधी बराच वेळ एकही नाही. त्यात पावसाळा. आणि बस चुकल्यावर वीस मिनिटं ताटकळण्यापेक्षा दोन किलोमीटर तुडवत गेलं तर माणूस जवळजवळ घरी पोचतो.

७ ची बस लागली. मी ड्रायव्हरकाकांना म्हटलं, लोकल येईपर्यंत थांबता का जरा?

"मॅडम, सात म्हणजे सात. उशीर झाला तर लेखी खुलासा मी देणार, तुम्ही नाही."

खोटं काय होतं त्यात? नियंत्रकांनीही केबिनमधूनच सांगितलं, "लेखी आणा."

काका दोन मिनिटं गप्प बसले. मग खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि केबिनच्या दिशेनं ओरडले, "इंजिन तापलंय!" कंडक्टरला पाण्याची बाटली आणायला पिटाळलं. भर पावसात, दिवसभर एकदाही न तापलेलं इंजिन! नियंत्रकांनी खिडकीतून डोकावून बघितलं आणि नोंदवहीत काहीतरी लिहिलं.

लोकल ७:०८ ला आली. पहिला लोंढा उतरून रिक्षांकडे धावला, तरी काका बॉनेट लावेनात. नजर जिन्यावर. मग मला उमगलं. पुढे पळणारे रिक्षाच धरतात. बसचं गिऱ्हाईक मागून येतं : हातात जड पिशव्या, दुखरे गुडघे, कडेवर पोर. जिना रिकामा झाला तेव्हा बसच्या ३२ सीट भरल्या होत्या, वर उभे होते ते वेगळेच. मेथीवाल्या बाई अजून रांगेतच होत्या. मी हाक मारली तशा रांग सोडून आल्या, चढताना म्हणाल्या, "बघू तरी हिचं तोंड."

टिपणी नव्यानं लिहिली. बैठकीत आक्षेप आला, की बस अशी थांबली तर पुढच्या थांब्यांवरच्यांनी काय करायचं? आक्षेप रास्त होता. पण संध्याकाळी घराकडे जाणाऱ्या बसला मधल्या थांब्यांवर चढणारे जवळपास नसतातच, माझा फॉर्मच ते सांगत होता. सकाळचं गणित उलटं, तिथे थांबून चालणार नाही. म्हणून फक्त संध्याकाळच्या, स्टेशनवरून सुटणाऱ्या फेऱ्यांनी लोकलसाठी थांबावं, असं सुचवलं. ते मान्य झालं, 'प्रायोगिक तत्त्वावर'. त्याच बैठकीतल्या सादरीकरणात 'शाश्वत वाहतूक' या शब्दांशेजारी हिरवं पान काढलेलं होतं आणि बराच वेळ इलेक्ट्रिक बसच्या रंगावर चर्चा झाली, ते सोडा.

नोंदवहीत त्या फेरीपुढे अजूनही तसंच आहे : उशीर ११ मिनिटे, कारण इंजिन तापणे. किती प्रवासी गेले, याचा रकाना त्या वहीत नाही. काकांना लेखी खुलासा द्यावा लागलाच. मसुदा मी लिहून दिला.