हिरवा स्टोल: डाळिंबं भरून झाली, आता जर

मंडळी, मागच्या वेळी कापड चौकटीवर ताणून झालं होतं, तिथे थांबले होते. आता दोन्ही टोकांची डाळिंबं भरून झाली आहेत आणि जरीला हात घातला आहे. या कामाने मध्ये बरंच बायबल उघडायला लावलं, तेही सोबत लिहिते. नुसत्या टाक्यांसाठी वाचणाऱ्यांनी मधले परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. आमच्या पाळकसाहेबांसाठी हा स्टोल करते आहे. पांढऱ्या झग्यावर मानेमागून घेऊन दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडतात तो लांब पट्टा. आमचं चर्च आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. ती १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. पण आमचं जुनं वळण अमेरिकन मराठी मिशनचं. साधं मंदिर, साधं व्यासपीठ, भिंतीवर एखादं वचन. त्यामुळे उपासकाळाला जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरा, पुनरुत्थानापासूनच्या पन्नासाव्या दिवसाला लाल आणि उरलेल्या मोठ्या काळाला हिरवा, ही रंगांची शिस्त आमच्यातल्या जुन्या माणसांना अजून थोडी परकी वाटते. मला विचाराल तर हिरवा रंग आपल्याकडेच सर्वांत शोभतो. हा हिरवा काळ त्रैक्याच्या रविवारानंतरचा, आणि तो रविवार मेच्या उत्तरार्धात किंवा जूनमध्ये येतो. पाळकसाहेब हिरवा स्टोल घालून उभे राहतात तेव्हा बाहेर पेरण्या चालू असतात.

आधी कापडाचं. वर हिरवं रॉ सिल्क, खाली आधाराला मांजरपाट. मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, कडक इस्त्री करूनच घेतलं. कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही, नाहीतर ते आटतं आणि फाटकं अधिक मोठं होतं, असं प्रभू येशू म्हणतो. त्यावर मी आयुष्यभर उपदेश ऐकले. नवा द्राक्षारस, जुने बुधले, नवं जीवन. एकाही उपदेशात कापड आटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे कोणी सांगितलं नाही. विणताना ताणलेलं सूत पाणी लागलं की सैल होतं आणि आखडतं. वरचं रेशीम तेवढं आखडत नाही, म्हणून त्याला चुण्या पडतात. हे ज्याच्या घरात फाटके कपडे शिवले जात होते त्यालाच सुचणारं उदाहरण आहे. नासरेथच्या त्या घरात सुई होती, याबद्दल मला शंका नाही.

आता डाळिंबं. ती घेतली बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातून. महायाजक अहरोनाच्या निळ्या झग्याच्या खालच्या घेरावर निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबं, आणि दोन डाळिंबांच्या मध्ये सोन्याची घुंगरं. घुंगरं मी सोडून दिली. उपासनेत ती वाजली तर पोरं हसतील. पण निळ्या डाळिंबाचं काय करायचं, यात अडकले होते. सोलापूर जिल्ह्यात राहून डाळिंब निळं भरायला हात धजेना. शेवटी एका नातेवाइकांच्या सांगोल्याच्या बागेतून आणलेलं फळ खिडकीत ठेवून पाहत बसले. उजेडाची बाजू केशरी-लाल, पोटाकडे किरमिजी, आणि सावलीच्या बाजूला खरंच जांभळं दिसतं. म्हणून लांब-आखूड टाक्यात उजेडाकडून सावलीकडे जात जांभळ्यावर आले आणि अगदी कडेला निळ्याचे तुरळक टाके घातले. दुरून ते निळे दिसत नाहीत, पण फळाला गोलाई येते. तिन्ही रंग हजर आहेत. मोशेची हरकत नसावी.

दोरा साधाच, अँकरचा सहापदरी लच्छा, त्यातला एक पदर सुईत. दोन पदर घेतले तर काम लवकर उरकतं, पण छटा एकमेकींत मिसळत नाहीत. टाक्यांची दिशा फळाच्या देठाकडून मुकुटाकडे, वळत वळत. आधी सगळ्या बाह्यरेषेवर स्प्लिट स्टिचची (आधीच्या टाक्याच्या दोऱ्यातूनच सुई वर काढायची तो टाका) एक ओळ घातली आणि भरण तिच्यावरून उतरवलं, त्यामुळे कड सुरीने कापल्यासारखी आली. एक डाळिंब मुद्दाम तडकलेलं ठेवलं आहे. आतले दाणे गाठीच्या टाक्याचे, प्रत्येक गाठीला दोनच वेढे. तीन वेढे घेतले की दाणा आडवा पडतो.

डाळिंबाचा मुकुट, देठ आणि वरचा क्रूस जरीत आहे. इथे निर्गमच्या ३९व्या अध्यायातलं तिसरं वचन वाचाच. त्यांनी सोनं ठोकून पातळ पत्रे केले, ते कापून तारा काढल्या, आणि त्या निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुतात व तागाच्या कापडात कुशलतेने गुंफल्या. ज्यांनी बादला वापरला आहे त्यांना हे वाचून हसू येईल. चपटी, सुताशिवायची, हातात धरली तर कापणारी ती पट्टी. जरीच्या दुकानात मिळणारा बादला आणि हे वर्णन यांच्यात फार अंतर नाही.

माझी जर टेस्टेड आहे, म्हणजे सुतावर गुंडाळलेली, मुलामा दिलेली तांब्याची तार. खऱ्या चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली जर परवडण्यातली नाही, आणि प्लास्टिकची इतकी चमकते की क्रूस लग्नाच्या मांडवातला वाटतो. टेस्टेड जरीचा शत्रू म्हणजे घाम आणि पावसाळी हवा. तांबं काळवंडतं. म्हणून काम संपलं की चौकट जुन्या सुती धोतरात गुंडाळते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, आणि बसताना हात धुऊन बोटांना पावडर लावते. डबका, म्हणजे स्प्रिंगसारखी वळवलेली पोकळ तार, कापायला जुनी कात्री वेगळी काढली आहे. चांगल्या कात्रीने तार कापणाऱ्यांना माझा नमस्कार.

पद्धत अशी. पिवळ्या फेल्टचे दोन थर, लहान खाली आणि मोठा वर, म्हणजे उठाव मधोमध येतो. त्यावर जरीचे दोन पदर जोडीने ठेवायचे आणि मेण लावलेल्या बारीक पिवळ्या दोऱ्याने थोड्याथोड्या अंतरावर आडवे टाचायचे. पुढच्या ओळीचे टाचे आधीच्या दोन टाच्यांच्या मध्ये येऊ द्यायचे, विटांच्या भिंतीसारखे. टोकं मोठ्या नेढ्याच्या सुईने मागे ओढून घ्यायची.

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधली चर्चची भरतकामाची कारागिरी, जिला ओपस अँग्लिकानम म्हणतात, तिची रीत याहून अवघड होती. तागाचा दोरा खालून वर येतो, जरीवरून जातो आणि त्याच छिद्रातून परत खाली जाताना जरीचा इवलासा फास मागच्या बाजूला ओढून नेतो. वरून टाचा दिसतच नाही, आणि प्रत्येक फास बिजागरीसारखा वळतो, म्हणून सोन्याने मढवलेला जड झगाही अंगावर घडी घेतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला सायन कोप (उपासनेत घालायचा मोठा झगा) याच कामाचा आहे, साधारण १३१० ते १३२० या काळातला. मी नमुन्याच्या तुकड्यावर ही रीत करून पाहिली. टेस्टेड जरीचं वरचं पान सोलून निघतं आणि आतलं सूत उघडं पडतं. मऊ, खरी जर असेल तरच याच्या वाटेला जा.

त्या कारागिरांपैकी एकीचं नाव टिकलं आहे, बरी सेंट एडमंड्सची मेबल. तिसऱ्या हेन्री राजाने तिच्याकडून वेस्टमिन्स्टरसाठी काम करून घेतलं, आणि पुढे १२५६ साली त्या गावी गेला तेव्हा तिला कापड आणि झग्यासाठी सशाची फर द्यायला सांगितली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या झग्यांवर सोनं चढवणाऱ्या बाईला शेवटी कोणीतरी ऊबदार कापड दिलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याच कारागिरीबद्दल दुसरी गोष्टही सांगतात. १२४६ साली पोप चौथा इनोसंट इंग्रज धर्माधिकाऱ्यांच्या अंगावरचं जरीकाम पाहून भुलला आणि इंग्लंडातल्या मठांना पत्रं पाठवून तसलंच मागवलं. इतिहासकार मॅथ्यू पॅरिस हे लिहितो तेव्हा त्याचा सूर कौतुकाचा नाही.

तो सूर माझ्या ओळखीचा आहे. आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी चौकटीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, देवाला जर कशाला गं?" प्रश्न चिडून उडवून लावण्यासारखा नव्हता. प्रेषित पेत्र आपल्या पत्रात बायकांना सांगतो की तुमची शोभा केसांच्या गुंफणीची, सोन्याच्या दागिन्यांची, भारी कपड्यांची नसावी. याकोब तर सभेत सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घालून आलेल्याला पुढे बसवणाऱ्यांना धारेवर धरतो. आणि शलमोन राजापेक्षा रानातली भूकमळं सुंदर सजली आहेत, ती सूतही कातत नाहीत, हे खुद्द प्रभूचं म्हणणं. कातणाऱ्या-विणणाऱ्यांनी यावर काय बोलायचं?

मी मावशींना जे सांगितलं ते इथेही सांगते. बायबल हटकतं ते घालणाऱ्याला. शिवणाऱ्याला कुठे रागावल्याचं मला आठवत नाही. निर्गमातले कारागीर बसालेल आणि अहलियाब यांना भरतकामाचं कौशल्य देवानेच दिलं, असं स्पष्ट लिहिलं आहे. यापोची दुर्कस मेली तेव्हा विधवांनी पेत्राला तिचे गुण सांगितले नाहीत, तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं रडत रडत दाखवली. आणि अहरोनाचा तो झगझगीत पोशाख? त्याच्या खांद्यांवर दोन रत्नं होती, एकेकावर सहा, अशी इस्राएलाच्या बारा वंशांची नावं कोरलेली. म्हणजे तो मिरवत होता दुसऱ्यांची नावं. स्टोल त्याच जागी टेकतो. अस्तर लावण्याआधी आतल्या बाजूला, दोन्ही खांद्यांवर सहा-सहा गाठी मारणार आहे. बाहेरून दिसणार नाहीत.

मावशी अर्ध्याच पटल्या. "सोन्याचं वासरूही कानातल्या सोन्याचंच होतं," म्हणाल्या. खरं आहे. निवासमंडपासाठीही, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठीही, लोकांनी कानातली आणून दिली. ३६व्या अध्यायात तर इतकं सामान जमलं की मोशेला छावणीत दवंडी पिटवावी लागली: पुरे, आणखी आणू नका. जरीच्या दुकानात माझ्यामागे असा कोणी उभा नसतो, हा भाग वेगळा.

पण माझं हे घालणाऱ्याचं आणि शिवणाऱ्याचं गणित एका ठिकाणी मोडतं. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांना वरचं अंग झाकायची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या नाडार बायका कपडा घालू लागल्या, तेव्हा रस्त्यात त्यांचे कपडे फाडले गेले, घरं जाळली गेली. मिशनमधल्या बायकांनी त्यांच्यासाठी सैलसर कुडतं बेतलं. अनेक वर्षं हे चाललं आणि १८५९ साली राजाने अंग झाकायची मुभा दिली. त्याच भागात, नागरकोइलला, लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी मुलींना लेस विणायला शिकवलं आणि त्या लेसच्या पैशांवर मुली उभ्या राहिल्या. तिथे कपडा घालणं हीच साक्ष होती. पेत्राचं ते वचन कोणाला वाचून दाखवायचं, हे आधी समोर कोण बसलं आहे ते पाहून ठरवावं. केडगावात स्वतः साधं पांढरं लुगडं नेसणाऱ्या पंडिता रमाबाईंनी आपल्या मुक्ती मिशनमधल्या मुलींच्या हाती माग आणि सुई दिली, तीही कमाईसाठी.

असो. उरलेलं काम: डाव्या टोकाचा क्रूस, मग मानेची जागा. तिथे जर घेणार नाही, घामाने काळी पडेल. निर्गम २८ मध्ये झग्याच्या गळ्याभोवती विणलेली पट्टी लावा म्हणजे तो फाटणार नाही, अशी सूचनाच आहे. म्हणून मानेवर सुती पट्टी, बारीक टाक्यांनी टाचलेली, काढून धुता येईल अशी. खाली झालर नको, गोंडे लावायचं ठरवलं आहे, हिरवे, आत निळ्याचा एकच पदर, बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातल्या गोंड्यांना असतो तसा.

अस्तराचं मात्र अडलं आहे. साटीन झग्यावरून घसरतं आणि स्टोल एका बाजूला ओढला जातो. सुती अस्तर पकड घेतं, पण रेशमामागे जाड दिसतं. मलमल दुहेरी घेऊन कोणी केलं आहे का? उभ्या धाग्यात कापलंत की तिरक्या, तेही सांगा. कापड घ्यायला शनिवारी जाणार आहे.