ठराव होता, घोषणा नव्हती

औरंगाबाद खंडपीठात मी जमिनीच्या आणि नगरपालिकांच्या केसेस बघते. एका नगरपालिकेच्या वकिलांच्या पॅनलवर पण आहे. मागच्या आठवड्यात त्यांची एक केस हरले, ती काही डोक्यातून जात नाहीये.

एका आजींची एक एकर जमीन, विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित. आराखडा मंजूर होऊन १० वर्षं उलटली तरी पालिकेने ना जमीन घेतली ना पैसे दिले. बांधकामाची परवानगी मिळेना आणि आरक्षण बघून गिऱ्हाईक फिरकेना. अशा मालकाला एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते, म्हणजे घ्या नाहीतर सोडा. ती पोचल्यापासून पालिकेला २४ महिने. पूर्वी ६ महिने होते, मग १२ झाले, २०१५ मध्ये २४ केले. एवढी मुदत वाढवूनही हे असं होतं याचाच जास्त राग येतो.

अशा फाईलमध्ये मी आधी आवक शिक्का बघते, कारण दिवस तिथूनच मोजायचे. शिक्का स्पष्ट होता. त्यानंतर ११ महिने एक कागद नाही. मग 'अभिप्रायार्थ सादर' असं टिपण, मग जमीन घ्यायचा सर्वसाधारण सभेचा ठराव, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, आणि तो परत आला कारण पालिकेने रक्कमच भरली नव्हती. तेवढ्यात ३ मुख्याधिकारी बदलले. मालकाशी बसून टीडीआरबद्दल, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काबद्दल बोलावं असंही कुणाला सुचलं नाही.

सुनावणीच्या आधी पालिकेचे साहेब सारखं म्हणत होते, मॅडम ठराव आहे ना आपला. अहो पण गिरनार ट्रेडर्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सांगितलंय की नुसता ठराव आणि प्रस्ताव म्हणजे संपादनाची पावलं नव्हेत, जमीन संपादनाची कलम १२६ ची घोषणा लागते. हे मी त्यांना लेखी पण दिलं होतं.

कोर्टाने पहिलाच प्रश्न विचारला, घोषणा कधी निघाली? मी सांगितलं, निघालेली नाही. पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे मुदत संपून उठलं, शासनाने तशी अधिसूचना काढावी असा आदेश झाला.

बाहेर आजी बाकावर बसल्या होत्या. मी समोरच्या बाजूची वकील, तरी मला हाक मारून म्हणाल्या, "बाई, पोरं रोज खेळतात तिथं, मी कधी काट्या लावल्या नाहीत. पैसे दिले असते तर दिलीच असती की जमीन."

निकाल बरोबरच आहे, आजींच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. पण त्या भागात मैदानाचं ते एकच आरक्षण होतं, आणि हे आजींना कळत होतं, ज्यांचं काम होतं त्यांना नाही.

रात्री अपील करू नये असा अभिप्राय लिहिला आणि पालिकेच्या बाकीच्या फाईली काढून बसले. एकीत बागेच्या आरक्षणाची खरेदी सूचना सापडली, शिक्क्यापासून १७ महिने झालेले. तेव्हाच मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला, उचलला नाही. सकाळी परत लावला तर म्हणाले, फाईल बघून सांगतो.

७ महिने आहेत अजून. सोमवारी मी स्वतः जाऊन बसणार आहे तिथे.