गाईंसाठी कमानी, कबुतरांसाठी बुरूज

स्कॉटलंडमध्ये कॅसल बघायला गेलेली मंडळी दिवाणखान्यातच रमतात, मी मात्र मागचे गोठे आणि खळी शोधत फिरते, कारण मालक कसा होता ते तिथे जास्त कळतं. एअरशरच्या किनाऱ्यावर कलेन कॅसल आहे, त्याचं होम फार्म, म्हणजे कॅसलची स्वतःची शेतीवाडी, रॉबर्ट अ‍ॅडमने डिझाइन केलं, 1770 च्या दशकात. म्हणजे ज्याच्याकडून बडी मंडळी घरं बांधून घ्यायची त्याच आर्किटेक्टकडून गोठा! चार बाजूंना दगडी इमारती, मधे चौक, कोपऱ्यांत कमानी. गाईंना काय पडलंय त्याचं, पण पाहुणे बग्गीतून येताना सगळं देखणं दिसायला हवं ना. आता तिथे खायला-प्यायला मिळतं, दुकानही आहे.

पण माझा जीव अडकलाय तो ईस्ट लोथियन परगण्यातल्या ईस्ट लिंटन गावाजवळच्या फँटासी नावाच्या शेतवाडीच्या डूकॉटमध्ये, डूकॉट म्हणजे कबुतरखाना. जाडजूड गोल बुरूज, वरचा भाग घोड्याच्या नालासारखा, छप्पर दक्षिणेकडे उतरतं म्हणजे उत्तरेचा वारा अडतो आणि कबुतरं उन्हात बसतात, आतल्या भिंतीत घरट्यांसाठी पाचशेहून जास्त कोनाडे! पिल्लं मालकाच्या ताटात, विष्ठा शेतात खत म्हणून. आणि ही कबुतरं चरायची कुठे, तर कुळांच्या पिकात, आणि त्यांना हात लावायची कुळांची टाप नव्हती. कबुतरखाने इतके माजले की 1617 मध्ये कायदाच करावा लागला, दोन मैलांच्या आत ठराविक उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल तरच बांधा, म्हणजे निदान तुमची कबुतरं तुमचंच धान्य तरी खातील. कायदा कुळांच्या कळवळ्याने केला असेल असं मला तरी वाटत नाही, पण असो.

त्याच परिसरात अँड्र्यू मीकल नावाच्या मिलराइटने, म्हणजे गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारागिराने, 1786 च्या सुमारास मळणीयंत्र बनवलं, आणि मग धान्याच्या कोठाराला चिकटून गोल नाहीतर अष्टकोनी खोल्या उगवायला लागल्या, आत घोडे गोल गोल फिरायचे आणि भिंतीपलीकडे यंत्र चालायचं. पुढे वाफेचं इंजिन आलं, घोडे सुटले, ईस्ट लोथियनच्या शेतांत विटांची धुराडी उभी राहिली. मीकलच्या वर्कशॉपमध्ये फँटासीच्याच शेतकऱ्याचा पोरगा लुडबुडत असायचा, जॉन रेनी, तो पुढे लंडनला जाऊन वॉटर्लू ब्रिजचा इंजिनिअर झाला. बघा, कॅसलच्या दिवाणखान्यात हे कोणी सांगतं का!