बंबाचा धूर आणि दोनशे पफ

नरकचतुर्दशीला आमच्या सासरी पहाटे चारला बंब पेटतो. कराडपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव. मागच्या पडवीत तांब्याचा बंब, मधल्या नळीत लाकडाच्या ढलप्या. ढलप्या ओल्या निघाल्या की धूर थेट माजघरात. पण उटणं, मोती साबण आणि हा धूर मिळून माझी दिवाळी व्हायची. लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं तरी.

त्या वर्षी माझा मन्या सहा वर्षांचा होता. आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरांबरोबर भुईचक्रं, नागगोळ्या झाल्या. काळा वास मारणारी ती नागगोळी सगळ्यात वाईट, फुलबाजीपेक्षाही, हे मी आता सांगते. तेव्हा मी तिथंच पायरीवर बसून फोटो काढत होते.

रात्री अडीचला त्याच्या खोकल्यानं जाग आली. कोरडा, एकामागून एक येणारा. दम्याच्या पोरांच्या आयांना तो झोपेतही ओळखू येतो.

इथं जरा मागचं सांगते. दोन वर्षं आम्हाला 'अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस' असंच सांगितलं जात होतं. दर थंडीत खोकल्याचं औषध, अँटिबायोटिक, दोन दिवस वाफ. दमा हा शब्द कुणी काढायचाच नाही. मला वाटतं, डॉक्टरही पालकांना घाबरून असतात. दमा म्हटलं की पालक दुसरा दवाखाना गाठणार! शेवटी पुण्यात घराजवळच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सरळ सांगितलं, दमाच आहे हा. दोन पंप दिले. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, श्वासनलिकेची सूज उतरवणारा, स्टेरॉईडचा. एक अडीनडीचा, आवळलेली नळी तात्पुरती मोकळी करणारा. दोन्ही स्पेसरमधून, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून.

रोजचा पंप आम्ही पाच महिने दिला. गणपती आले नि गेले, मन्या एकदाही खोकला नाही. नवरा म्हणाला, "किती दिवस स्टेरॉईड मारायचं पोराला?" मी हो म्हटलं. त्याच्यावर ढकलत नाही, मला तर सुटल्यासारखंच झालं. रोज सकाळी शाळेच्या घाईत पफ द्या, मग आठवणीनं चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं. तो ताप गेला. पोरगं बरं आहे म्हणून औषध बंद केलं. औषधामुळेच बरं आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोघंही बी.कॉम., एकजण तर फर्स्ट क्लास.

मध्येच नवऱ्याच्या आत्यांनी कोजागरीचं औषध सुचवलं होतं, खिरीतून देतात ते, रात्रभर चांदण्यात जागून घ्यायचं. गेलो नाही. तत्त्वबित्त्व काही नाही, दुसऱ्या दिवशी शाळा होती.

तर रात्री अडीच. अडीनडीचा पंप बॅगेत होता. हलवला, स्पेसरला लावला, एक पफ, पाच-सहा श्वास, पुन्हा हलवून दुसरा. असे चार. वीस मिनिटं थांबून पुन्हा चार. सगळं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणं. पण फरक काही पडेना. पंप हलवला की आत खळखळ वाजत होतं, फवाराही नीट उडत होता. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा चार. चारच्या सुमारास छातीतली शिट्टी कमी झाली. मला वाटलं, लागू पडलं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. देवापाशी दिवा लावून माजघरात आल्या, दिव्याचं बटण दाबलं आणि त्याच्याकडं बघतच राहिल्या.

"अगं, प्वाट उडतंय की त्याचं."

मी शर्ट वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, जणू कुणी आतून दोऱ्यानं खेचतंय. गळ्याखाली दोन हाडांच्या मधे खड्डा पडत होता, भरत होता, पडत होता. नाकपुड्या फुललेल्या. अंधारात मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, कान छातीला लावत होते, पण उघडं अंग बघितलंच नव्हतं. पाणी हवंय का विचारलं, तर म्हणाला, "आई... नको... पाणी." तीन शब्दांना तीन श्वास.

शिट्टी कमी झाली ती नळी मोकळी झाली म्हणून नव्हे. वाजायला पुरेशी हवाच आत जात नव्हती म्हणून. हे मला नंतर कळलं. तोवर मी शांत पोराला बरं पोर समजत होते.

बाहेर आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बंब पेटवला होता. सासूबाई गेल्या आणि बादलीभर पाणी नळीत ओतलं. नरकचतुर्दशीला पेटता बंब विझवला! आण्णा काही बोलायला गेले, तर म्हणाल्या, "अंघुळी मागनं. गाडी काढाय सांगा पोराला."

गाडीत त्याला आडवं केलं नाही, मांडीवर ताठ बसवून जरा पुढं झुकवलं. काचा बंद, कारण प्रत्येक गावात फटाके सुरू झालेले. मी मोबाईलवर एक मिनिट लावून श्वास मोजले. सेहेचाळीस. पाच वर्षांवरच्या पोराचे बसल्या जागी तीसच्या पुढं गेले की वाट बघायची नसते, हे त्या कागदावर लिहिलेलं होतं, मी मोजलेच नव्हते. ओठ निळे नव्हते, तेवढं सारखं बघत होते. कोरोनात हजार-बाराशेला घेतलेला ऑक्सिमीटर पुण्यात, फ्रिजवरच्या डब्यात.

कराडच्या दवाखान्यात ऑक्सिजन ९१ भरला. ऑक्सिजन लावला, वीस-वीस मिनिटांनी तीनदा नेब्युलायझर, स्टेरॉईड. साडेनऊला मन्यानं चकली मागितली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं पंप हातात घेऊन विचारलं, हा कधी आणला? आठवेना. पहिल्यापासून हाच वापरत होतो. अशा एका पंपात औषधाचे दोनशे पफ असतात. ते संपले तरी आतला वायू उरतो, म्हणून वाजतो, फवाराही येतो, औषध मात्र पुरेसं नसतं. पाण्यात टाकून तरंगतो का बघतात, त्यानंही कळत नाही. आमच्या पंपाला आकडा दाखवणारी खिडकी नव्हती. पहाटेचे बारा पफ म्हणजे, बहुतेक, नुसता वायू.

नवऱ्यानं तिथंच हळू आवाजात विचारलं, पंपाची सवय लागते ना? डॉक्टर चिडला नाही. म्हणाला, साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे अडीनडीच्या पंपातल्याच औषधाच्या, सिरपच्या एका चमच्यात, पाच मिलीत, २ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका चमच्यात वीस पफ. ते सिरप आम्ही दोन वर्षं दर थंडीत दिवसातून तीनदा, बिनघोर पाजलं होतं. नवरा तिथंच फोनवर भागाकार करून बघत होता.

आता मन्या आठचा आहे. रोजचा पंप चालू आहे. कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतात. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून बुडवते आणि तसाच निथळायला ठेवते. फडक्यानं पुसला की प्लॅस्टिकवर वीज साठते, औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. नवीन आलेल्या कामवाल्या मावशींनी एकदा तो लखलखीत पुसून ठेवला होता, बिचाऱ्या.

गावी बंब अजून पेटतो, पण सासूबाईंनी तो गोठ्याच्या पलीकडं नेऊन ठेवलाय. आमच्या खोलीचं पाणी गिझरचं. अभ्यंगस्नानाला आण्णा एकटेच बंबाचं पाणी घेतात आणि गिझरच्या पाण्याला चव नसते म्हणतात. अंघोळीच्या पाण्याची चव!

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर अडीनडीच्या पंपाचा प्रत्येक पफ मी रेघ मारून लिहिते. परवा शाळेत खडूच्या धुळीनं दोन, काल झोपताना दोन. आज सकाळी बेरीज केली, एकशे चौऱ्याऐंशी झालेत. लागोपाठ दोन दिवस पंप लागला, त्यामुळे डॉक्टरांची संध्याकाळची वेळ घेतलीय. येताना नवा पंप आणायचाय, दोन आणायचेत, एक गावी ठेवायला.